सावरलेल्यांचा आधार

स्किझोफ्रेनिया, म्हणजे विचार, भावना आणि वास्तवाचे भान विस्कळीत करणारा गंभीर मानसिक आजार, एकदा जडला की माणूस आयुष्यातून उठला, अशी समजूत समाजात खोल रुजलेली आहे. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या सरकारी मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे काढलेल्या २६९ रुग्णांचा सरासरी ३२ वर्षांनी मागोवा घेणारा, कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील निम्मे ते दोन-तृतीयांश लोक बरेच सुधारलेले किंवा पूर्ण बरे झालेले आढळले. या रुग्णांना औषधांच्या जोडीला बाहेर राहण्याची सोय, काम आणि माणसांचा सहवासही मिळवून दिलेला होता, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ‘सावरणे’ याचा अर्थ लक्षणे समूळ नाहीशी होणे एवढाच धरला जात नाही. कानावर येणारे भासाचे आवाज अधूनमधून चालू राहिले तरी ज्याला आपला दिवस आपल्या मर्जीने आखता येतो, काम आणि नाती सांभाळता येतात, तोही सावरलेलाच असतो. या वाटेवर डॉक्टरांइतकाच उपयोगी पडतो तो त्याच दुखण्यातून गेलेला माणूस.

कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराचा अनुभव गाठीशी असताना १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली, आणि तेथे शुभार्थी, म्हणजे आजार असलेली व्यक्ती, व शुभंकर, म्हणजे तिची काळजी घेणारे आप्त, यांचे स्वमदत गट उभे राहिले. अशा गटात कोणी ‘गोळीमुळे सकाळी डोळेच उघडत नाहीत’ असे सांगितले की त्याला आळशी ठरवले जात नाही. उलट दुसरा शुभार्थी, आपण गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारून तिची वेळ कशी बदलून घेतली, हे सांगतो. आईवडिलांनी शंभरदा दिलेला सल्ला जिथे कटकट वाटतो, तिथे हे बोलणे पटते, कारण सांगणाऱ्याने ते स्वतः सोसलेले असते.

मात्र हा आधार उपचारांना पर्याय नव्हे. आत्महत्येचे विचार बळावले असतील, तर तातडीने डॉक्टरांकडेच न्यायला हवे, आणि आधार देणाऱ्याचे स्वतःचे दुखणे उफाळू नये म्हणून त्यालाही प्रशिक्षण आणि विसावा लागतो.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केंद्रीय आणि राज्य प्राधिकरणांवर, आजार असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तींच्या प्रतिनिधींसाठी प्रत्येकी दोन जागा ठेवल्या आहेत. धोरण ठरवताना ज्यांचा अनुभव मोलाचा मानला, त्यांना जिल्हा रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागांतही रीतसर पद आणि पगार मिळायला हवा. केवळ चहापाण्याच्या खर्चावर स्वयंसेवक म्हणून त्यांना राबवून घेणे अन्यायाचे आहे.