हाताची पीकपाहणी

गोंदियाजवळच्या मुर्रीत, किंबहुना वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या कोणत्याही गावी, पाऊस लागून पऱ्हे रोवणीस आले म्हणजे बांधीत उतरणाऱ्या स्त्रीचे दोन्ही हात सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गुंतलेले असतात. डाव्या हातात रोपांची जुडी धरावयाची, उजव्याने त्यांतील दोनतीन रोपे निराळी करून चिखलात रोवावयाची आणि वाकलेल्या स्थितीतच मागे सरकत जावयाचे, हा क्रम धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत अखंड चालतो. अशा घरातील कोणास लकवा मारून एक हात लुळा पडला, की मजुरीबरोबरच वेणीफणी, लुगड्याची गाठ, ताटातला घास मोडणे, ही नित्याची स्वाधीनताही एका रात्रीत हिरावली जाते. ही आपत्ती विरळा नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांचे सहकारी यांनी 86 गावांतील मृत्यूंची काळजीपूर्वक छाननी करून 2015 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार त्या ग्रामीण टापूत मृत्यूच्या सर्व कारणांत पक्षाघाताचा क्रमांक पहिला होता आणि दर शंभर मृत्यूंपैकी चौदांहून अधिक मृत्यू त्या एकाच व्याधीने ओढवले होते. ही मोजदाद मृतांची. जे वाचले आणि एका हातानिशी पुढचे आयुष्य कंठू लागले, त्यांच्या हाताचा हिशोब कोणत्या दप्तरात ठेवावा, हा या लेखाचा विषय होय.

वैद्यकाने तो हिशोब ठेवलाच नाही असे नव्हे. स्वीडनमधील आक्सेल फुग्ल-मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली जी परीक्षापद्धती प्रसृत केली, तीत रुग्णास खांदा उचलावयास, कोपर सरळ करावयास, मूठ मिटावयास सांगून प्रत्येक कृतीस शून्य, एक वा दोन गुण देतात आणि संपूर्ण हाताचे मिळून 66 गुण होतात. रोनाल्ड लायल यांची 1981 सालची पद्धती ठोकळे, पेले, गोट्या उचलून ठेवावयास लावते आणि 57 गुणांत निवाडा देते. या दोन्ही पद्धती आजही प्रमाण मानल्या जातात, आणि तो मान त्यांना योग्यच आहे. परंतु परीक्षा होते ती इस्पितळाच्या खोलीत, परीक्षकाच्या देखत, रुग्ण सर्व शक्ती एकवटून बसला असताना. हाताची पात्रता तेवढी तेथे ठरते. तोच रुग्ण घरी परतल्यावर तो हात खरोखर वापरतो की मांडीवर ठेवून दुसऱ्यानेच सर्व काही उरकतो, याविषयी आजवर त्याची किंवा घरच्यांची जबानी हाच काय तो पुरावा होता. आपल्या सातबाराच्या उताऱ्यात जमिनीवर हक्क कोणाचा हे सांगणारा गाव नमुना सात निराळा, आणि त्या जमिनीत यंदा प्रत्यक्ष काय पेरले हे पीकपाहणीनंतर नोंदविणारा गाव नमुना बारा निराळा. इस्पितळातील गुणपत्रिका म्हणजे हाताचा नमुना सात आहे, आणि त्याचा नमुना बारा लिहिण्याचे काम मनगटावर बांधावयाच्या एका लहानशा यंत्राकडे आता आले आहे.

या यंत्राची रचना मोठी मनोवेधक आहे. सिलिकॉनच्या चकतीत कोरलेले एक अतिसूक्ष्म वस्तुमान सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर तोललेले असते. हात हलला की जडत्वामुळे ते किंचित मागे राहते, शेजारच्या स्थिर पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्या अंतराबरोबर विद्युत्धारकता बदलते, आणि हा बदल सेकंदास 50 ते 100 वेळा अंकांत उतरविला जातो. मोटारीची टक्कर होताच हवेची पिशवी फुगविण्यासाठी 1990 नंतरच्या दशकात जे त्वरणमापक मुबलक व स्वस्त झाले, त्यांचीच ही संतती. हात निश्चल असतानाही पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण या मापकास जाणवत असल्यामुळे मनगट कोणत्या कोनात कलले आहे हेही त्यास कळते. त्याच्या जोडीस बसविलेला घूर्णनमापक सतत कंप पावणाऱ्या दुसऱ्या एका वस्तुमानावर वळण्यामुळे येणारे बल मोजतो. ज्या बलाचे विवेचन कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने 1835 साली केले, तेच हे बल. घूर्णनमापकात एक दोष असा, की त्याची अत्यल्प चूक क्षणोक्षणी साचत जाऊन काही वेळाने मोठी होते. म्हणून गुरुत्वाकर्षणाची दिशा प्रमाण धरून ती वारंवार दुरुस्त करावी लागते.

दोन्ही मनगटांवर असे एकेक यंत्र बांधून दिवसभराची नोंद घेतली, तर निरोगी माणसाविषयी काय आढळते? अमेरिकेतील सेंट लुइस येथे रायन बेली व कॅथरीन लँग यांनी 2013 साली दाखविले, की उजवा-डावा हा भेद आपण समजतो तितका मोठा नसतो: प्रधान हात दिवसातून सुमारे 9.1 तास, तर दुय्यम हात 8.6 तास हालचालीत असतो, म्हणजे दोहोंचे प्रमाण 0.95 पडते. लकव्यानंतर हे प्रमाण ढासळते, यात नवल नाही. विचार करावयास लावणारी गोष्ट 2017 साली लँग यांच्याच गटाने पुढे आणली: कसून व्यायाम करवून घेतलेल्या रुग्णांचे परीक्षेतील गुण वाढले, तरी मनगटावरच्या यंत्राने घरच्या वापरात वाढ म्हणून नोंदविली नाही. पात्रता आली, वहिवाट आली नाही. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांतून पूर्वीच असे प्रतिपादिले होते, की निकामी झालेला हात वारंवार अपयशी ठरल्यामुळे प्राणी तो न वापरण्याचीच सवय लावून घेतो, आणि पुढे त्यात शक्ती परतली तरी ती सवय सुटत नाही. धड हात बांधून ठेवून अधू हातास कामाला लावणारी त्यांची उपचारपद्धती याच विचारातून निघाली. माझ्या मते या यंत्राचे खरे मोल येथे आहे. उपचार करणाऱ्यास ते त्याच्या यशाचा खरा दाखला देते, मग तो कितीही अप्रिय असो.

तथापि यंत्राच्या साक्षीचीही खातरजमा करावीच लागते. माणूस चालू लागला की लुळा हातसुद्धा झुलतो, आणि केवळ हालचाल मोजणारे यंत्र त्या झुलण्यास काम समजते. झुरिच येथील संशोधकांनी 2017 साली यावर उपाय सुचविला तो असा, की अग्रबाहू क्षितिजसमांतर पातळीच्या वरखाली 30 अंशांच्या आत असताना जी पुरेशी मोठी हालचाल होईल, तेवढीच सहेतुक मानावी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिवकुमार बालसुब्रमण्यन आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहेत, ही आपल्या देशास भूषणावह गोष्ट होय. चित्रफितीशी ताडून पाहता पहिली रीत खरे काम सहसा निसटू देत नाही पण खोटेही पदरात घेते, दुसरी खोटे टाळते पण खरेही गमावते, आणि दोहोंचा मिलाफ केल्यास बरा तोल साधतो, असे त्यांच्या गटाने 2022 साली दाखविले. हालचाल किती सफाईची आहे, एका ओघात होते की तुटक तुटक, हे वेगाच्या आलेखावरून मोजण्याची जी रीत आज जगभर वापरतात, तीही बालसुब्रमण्यन यांनी 2012 साली आपल्या परदेशस्थ सहकाऱ्यांसह मांडलेली आहे.

आता हेच यंत्र मुर्रीतल्या एखाद्या मनगटावर बांधले जाईल असे कल्पून पाहिले, तर जे प्रश्न उभे राहतात ते सेंट लुइसला किंवा झुरिचला पडलेले नाहीत. रोवणीत जुडी धरणारा डावा हात जवळजवळ स्थिर असतो. यंत्र त्यास आळशी ठरवील, वास्तविक त्याच्यावाचून उजव्याचे काम क्षणभरही चालणार नाही. गोंदियाच्या परिसरात विडीचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. तेंदूचे पान कात्रीने कापून, त्यात जर्दा भरून, वळून, दोरा गुंडाळून टोके मुडपणाऱ्या बोटांचे कसब अपूर्व असते, पण त्या वेळी मनगट अगदी थोडे हलते आणि बोटांवर यंत्र नसते. उलट वाकून काम करताना अग्रबाहू खाली लोंबतो, म्हणजे झुरिचच्या 30 अंशांच्या नियमाने रोवणीचा पुष्कळसा भाग कामाच्या हिशोबातून वगळला जाण्याचा संभव आहे. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेलचा प्रादुर्भाव असल्यामुळे क्वचित लहान मुलासही पक्षाघात होतो, आणि खेळत्या मुलाच्या हाताचे माप प्रौढाच्या मापाने घेणे गैरच ठरेल.

म्हणून रुग्णाच्या मनगटावर यंत्र चढविण्यापूर्वी, माझ्या समजुतीप्रमाणे, येथल्या धडधाकट स्त्रीपुरुषांची नोंद प्रथम व्हावयास हवी, आणि तीही चित्रफितीच्या जोडीने, जेणेकरून कोणत्या क्षणी हात राबत होता आणि कोणत्या क्षणी नुसता झुलत होता हे पाहणारास ठरविता येईल. गोंदियास 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथील फिजिओथेरपीच्या कक्षास हे काम हाती घेणे अशक्य नाही, कारण यंत्रे आता महाग राहिलेली नाहीत आणि हिशोबाच्या रीती प्रसिद्ध आहेत. अशा नोंदीसाठी रोवणी आणि कापणी हे दोन हंगाम मी निवडीन. पहिल्यात बोटांचे आणि धरून ठेवणाऱ्या मुठीचे काम अधिक, तर दुसऱ्यात विळा ओढताना कोपर व खांदा यांचे, आणि यंत्रास जे दिसते व जे दिसत नाही ते दोन्ही त्या दोन हंगामांत मिळून तपासता येते.