कान्हेरी : आशियातील वाटसरूंचा हजार वर्षांचा मुक्काम

दहिसर, प्रतिनिधी

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पश्चिम उपनगरांतील पर्यटन कंपन्यांच्या कचेऱ्या गजबजतात. बँकॉक, सिंगापूर, बाली, श्रीलंका, जपान अशी नावे घरोघरी घेतली जातात आणि तिकिटांचे ठरण्याआधीच पहिला प्रश्न विचारला जातो तो राहण्याचा. हॉटेल किती तारांकित आहे, खोलीच्या खिडकीतून काय दिसते, नाश्ता त्यात धरला आहे की नाही, याची चौकशी होते. मात्र आशियाच्या दूरदूरच्या भागांतून आलेल्या माणसांनी ज्या ठिकाणी मुक्काम केला, असे एक स्थान दहिसरकरांच्या घरामागच्या डोंगरातच आहे, याची आठवण क्वचितच कोणाला होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी हे ते स्थान.

कान्हेरी म्हणजे शाळेची सहल किंवा पावसाळ्यातील धबधबा, एवढीच अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ही शंभराहून अधिक लेण्यांची एक वसाहत होती. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास येथे खोदकाम सुरू झाले आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत येथील राबता चालू राहिला. प्राचीन लेखांत या डोंगराचे नाव ‘कृष्णगिरी’ किंवा ‘कण्हगिरी’ असे येते. काळ्या पाषाणाचा डोंगर म्हणून कृष्णगिरी, आणि त्याचेच रूप पुढे कान्हेरी झाले.

जागा हीच का निवडली?

नकाशा समोर ठेवला की उत्तर सापडते. दहिसरच्या उत्तरेला वसईची खाडी ओलांडली की सोपारा हे प्राचीन बंदर लागते. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. पूर्वेला उल्हास नदीच्या काठी कल्याण होते. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे सातवाहनांचे पैठण गाठता येई. दक्षिणेला चौल हे आणखी एक बंदर होते. सागरी मार्ग आणि घाटवाटा यांच्यामध्ये साष्टी बेटाच्या गर्द रानात कान्हेरीचा डोंगर उभा होता. व्यापारी पेठा चालून गाठता येतील इतक्या जवळ आणि त्यांचा कोलाहल कानी पडणार नाही इतक्या दूर, अशी ही जागा होती.

दुसरे कारण पावसाचे. बौद्ध भिक्षूंनी वर्षभर फिरत राहावे, परंतु पावसाळ्यात एका जागी थांबावे, असा नियम होता. त्यालाच ‘वर्षावास’ म्हणतात. कोकणात दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात झोपडीपेक्षा पाषाणात कोरलेली खोली अधिक भरवशाची ठरणार, हे उघड आहे.

दगडातील खोली

कान्हेरीतील बहुसंख्य लेणी लहान आहेत. समोर छोटे अंगण, अंगणाच्या कडेला बसण्यासाठी कोरलेला ओटा, चार-पाच पायऱ्या, खांबांची ओसरी, आत दालन आणि दालनाला लागून निजण्याची खोली, अशी त्यांची रचना आहे. खोलीत भिंतीलगत दगडाचाच ओटा असतो. तोच भिक्षूचा पलंग. काही ठिकाणी दालनात उजेड येण्यासाठी झरोके ठेवले आहेत. जमिनीवर आणि दर्शनी भागावर दिसणारी भोके ही लाकडी खांब रोवून मांडव घालण्यासाठी होती. पावसाची झड आत येऊ नये, याची ती व्यवस्था.

एकत्र येण्याच्या जागा वेगळ्या होत्या. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील, म्हणजे दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याच्या ओसरीच्या दोन्ही टोकांना बावीस-तेवीस फूट उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्या नंतर, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोरल्या गेल्या. अकराव्या क्रमांकाच्या ‘दरबार’ लेण्यात जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी बाक समांतर आहेत. समोरासमोर ओळीने बसून एकत्र पठण किंवा भोजन करता येईल, अशी ही मांडणी वेरूळच्या पाचव्या लेण्यातही आढळते.

पाण्याची सोय

राहण्याच्या जागेची खरी परीक्षा पाण्यावर होते. पावसाळ्यात धो धो वाहणारा हा डोंगर उन्हाळ्यात कोरडा पडतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी पाण्याचे टाके खोदले गेले. शिलालेखांत त्यासाठी ‘पोढी’ हा शब्द आहे. माथ्यावर पडणारे पाणी दगडात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरते. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे असल्याने पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. आजही उन्हाळ्यात यांतील काही टाक्यांत पाणी दिसते. लेण्यांबरोबर टाकेही दान दिल्याचे लेख आहेत. खोली देणाऱ्याने पाणीही द्यावे, ही त्या काळातील यजमानपदाची कल्पना होती.

खर्च कोण करीत असे?

कान्हेरीत पन्नासहून अधिक वाचता येण्याजोगे शिलालेख आहेत. डेक्कन कॉलेजच्या विदुषी शोभना गोखले यांचा त्यांवरील ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. या लेखांतून दात्यांची मोठी यादी समोर येते. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक येथील व्यापारी, सोनार, गृहस्थ आणि भिक्षुणीही त्यात आहेत. एकाने लेणे दिले, दुसऱ्याने टाके, तिसऱ्याने शेत.

यातील सर्वांत महत्त्वाची पद्धत ‘अक्षयनीवी’ची. मूळ ठेव मोडायची नाही आणि तिच्या उत्पन्नातून कायमचा खर्च भागवायचा, असा तिचा अर्थ. आजच्या भाषेत ही कायम ठेवच होय. वर्षावासात राहणाऱ्या भिक्षूला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, त्यातून रक्कम मिळे. उन्हाळ्यासाठीही वेगळी तरतूद असे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या काळात, पूजा, डागडुजी, वस्त्रे यांच्या जोडीला ग्रंथांसाठीही पैसे ठेवले गेले. त्याच शतकात गौड देशाहून, म्हणजे बंगालहून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म दान दिल्याची नोंद येथे आहे. म्हणजे भारताच्या पूर्व टोकाचा माणूस पश्चिम किनाऱ्यावरील या डोंगरात येऊन पुढच्या पाहुण्यांची सोय करून गेला.

पाहुण्यांचे स्वागत

इ. स. ३९९ मध्ये चीनहून निघालेल्या फाहियान या भिक्षूने भारतातील विहारांची रीत नोंदवून ठेवली आहे. परका भिक्षू आला की तेथील भिक्षू सामोरे जात, त्याचे सामान घेत, पाय धुण्यास पाणी आणि अंगास तेल देत. त्याने विश्रांती घेतल्यावर त्याच्या दीक्षेची वर्षे विचारून मानाप्रमाणे खोली नेमून दिली जाई. आलेल्या भिक्षूशी यजमानाने आणि यजमानाशी आलेल्याने कसे वागावे, याचे नियम विनयग्रंथांतच आहेत. हे वर्णन कान्हेरीचे नसले, तरी नियम सर्व विहारांना सारखे होते.

येथील सर्वांत बोलके लेणे बहुधा नव्वदावे म्हणावे लागेल. त्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे शिल्प आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. बुडते जहाज, चोर, हत्ती, सिंह, साप, अग्नी ही सारी त्या काळच्या प्रवाशाची भये होती. त्यांतून तारणारा हा देव. याच लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे येऊन गेलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी आपली नावे आणि तारखा त्यात नोंदवल्या आहेत. इराणी परंपरेचे हे लोक बौद्ध नव्हते, तरीही डोंगर चढून ते येथे आले. एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. तिबेट, चीन आणि जपानमध्ये हे रूप परिचित असले, तरी भारतात त्याचे असे पाषाणशिल्प दुर्मीळ आहे.

आशियातील भावंडे

मुक्कामाची ही परंपरा आशियात इतरत्र आजही जिवंत आहे. जपानमधील कोया पर्वतावर नवव्या शतकाच्या आरंभी कुकाई या भिक्षूने मठ स्थापिला. तेथील सुमारे पन्नास मंदिरे आज पर्यटकांना राहण्यास खोली देतात. पहाटेची प्रार्थना आणि शाकाहारी जेवण हा तेथील मुक्कामाचाच भाग असतो. दक्षिण कोरियाने २००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी बौद्ध मंदिरांत राहण्याची योजना सुरू केली आणि ती अजून चालू आहे. इराणच्या वाळवंटी मार्गांवरील ५४ कारवानसराया २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यांतील काहींत आता हॉटेले चालतात. या सर्व ठिकाणी मोठे अंतर तोडून लोक जातात ते ऐषारामासाठी नव्हे. साधी खोली, वेळेवर जेवण, शांतता आणि अनोळखी माणसाचे आदराने झालेले स्वागत, याचे मोल त्यांना वाटते.

कान्हेरीत आता मुक्काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. हे संरक्षित स्मारक आहे आणि भोवती बिबट्यांचे जंगल आहे. परंतु तिचा धडा शहराला आजही लागू पडतो. या डोंगरातील माणसांनी पावसाचा प्रत्येक थेंब अडवून त्यावर हजार वर्षे वस्ती टिकवली. याच वनात उगम पावणारी दहिसर नदी मात्र वस्तीत शिरताच सांडपाण्याचा नाला होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा हीच नदी काठच्या घरांत शिरली. सिंगापूरच्या स्वच्छतेचे कौतुक करीत परतणाऱ्या पर्यटकाने एकदा या टाक्यांपाशी उभे राहून पाहावे. पाण्याचा मान राखणारे गाव वसवण्यासाठी परदेशी धडे घेण्याची गरज नव्हती, हे तेथे समजते.

जाण्यापूर्वी

बोरिवली स्थानकावरून उद्यानाचे प्रवेशद्वार चालत गाठता येते. दहिसर पूर्वहून निघणाऱ्या मेट्रोचे ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानकही जवळ आहे. प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. उद्यान सोमवारी बंद असते. चैत्यगृह पाहून परत न फिरता वरच्या टप्प्यांवर जावे. राहण्याच्या खोल्या आणि टाकी तेथेच अधिक आहेत. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा जपून चालावे. पाण्याच्या बाटल्या परत आणाव्यात. भिंतींवर नावे कोरू नयेत. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढच्या सुट्टीत कोया पर्वत किंवा इस्फहान पाहण्याचा बेत असेल, तर त्याआधीचा एक रविवार कान्हेरीसाठी राखून ठेवण्यास हरकत नाही. वाटसरूला काय लागते, याचा विचार आशियाने किती पूर्वी आणि किती नेटकेपणाने केला होता, ते येथे पाहिले की पुढचा प्रवास अधिक डोळसपणे होईल.