खाडीकाठची जुनी स्पोर्ट्स कार: पत्रा, पेट्रोल आणि कागद

भारतात स्पोर्ट्स कार कधी बनलीच नाही; जुन्या स्पोर्ट्स कारचा नाद हा संस्थानिकांच्या वारसांचा किंवा परदेशातून गाडी उतरवून घेणाऱ्यांचा, असा समज मोटारींवर जीव टाकणाऱ्या मंडळींमध्येही पक्का आहे. तो खोडायला नवी मुंबईहून फार लांब जावं लागत नाही. पनवेलहून गोव्याचा महामार्ग धरला, वडखळला अलिबागकडे वळलं की पुढे कार्लेखिंड लागते. चिंकारा मोटर्सची रोडस्टर या भागातली. दोन आसनं, उघडं अंग, फायबरची बॉडी. रूप कॉलिन चॅपमन यांच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या वळणाचं आणि बॉनेटखाली हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसॅडर-कॉन्टेसातलं १.८ लिटरचं इसुझू इंजिन. त्याच महामार्गानं पुढे गोव्यात सॅन मोटर्सनं १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी आणली. तिची बॉडीही फायबरची, आणि इंजिन रेनोचं, १,१४९ सीसीचं.

या दोन देशी गाड्या आणि जोडीला एखादी जुनी ब्रिटिश एमजीबी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर घेऊन नवी मुंबईत राहणाऱ्या हौशी माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यातले काही सल्ले नुसतेच जुने असतात, काही मात्र गाडी संपवतात.

सर्वांत महाग पडतो तो झाकून ठेवण्याचा सल्ला. गाडी बाहेर काढायची नाही, प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधायचं, म्हणजे ती जन्मभर टिकते, असं मानलं जातं. वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळं ठाणे खाडीच्या काठावर वसलेलं शहर आहे. इथल्या हवेत मीठ असतं आणि ते पोडियम पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीवरही बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साध्या मिठाचा थर हवेतलंच पाणी ओढून घेतो आणि ओला होतो. पावसाळ्यात इथली आर्द्रता बहुतेक दिवस या रेषेच्या वरच असते. त्यामुळे गाडीवर पावसाचा एक थेंब न पडताही पत्र्यावर खारं पाणी साचतं. वर प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते पाणी उडून जायला वाटच राहत नाही. दिवसा तापलेली आतली हवा रात्री गार होते आणि कव्हरच्या आतल्या बाजूला घाम सुटतो.

गंज चढलेल्या लोखंडाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं. दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की तो फुगतो, जोड फाकवतो, आणि मग रंगावर फोड दिसतो. फोड दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. म्हणून बंद जागेत श्वास घेणारं सुती कव्हर, खाली हवा खेळती, दारांच्या आणि दाराखालच्या सिलच्या तळाची पाणी निघून जायची भोकं मोकळी, पोकळ भागांत मेणासारखं गंजरोधक फवारलेलं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्यानं धुतलेला तळ, हीच खरी निगा. जूनच्या आधी पायाखालचे गालिचे काढून घरात ठेवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित उपाय आहे. ओला गालिचा पायाखालचा पत्रा वरून कुजवतो, आणि मालक मात्र खालून गंज शोधत बसतो.

मग निदान दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवावं की नाही? हा सल्ला प्रेमानं दिला जातो, पण यानं गाडीचं नुकसानच होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पाच मिनिटांत ऑइल कोमटसुद्धा होत नाही, त्यामुळे वाफ थंड पाइपात आणि ऑइलमध्ये उतरते आणि सायलेन्सर आतून सडतो. त्याऐवजी पंधरा दिवसांनी अर्धा-पाऊण तास खरोखर चालवावी. सकाळी लवकर वाशीहून पाम बीच रोडनं बेलापूर आणि परत, एवढी फेरी पुरते. ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, टायर सगळ्यांनाच त्या फेरीची गरज असते.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी ताब्यात आली, की बॅटरी जोडून सेल्फ मारायचा मोह आवरत नाही. तो आवरायलाच हवा. सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल केव्हाच ओघळून गेलेलं असतं, रिंगा चिकटलेल्या असू शकतात, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, ते मुरू द्यावं आणि मग इंजिन हातानं फिरवून पाहावं. टाकी रिकामी करून धुवावी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजलेले निघतात. त्यांची खात्री झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. टायरची नक्षी ताजी दिसते म्हणून टायर चांगला ठरत नाही. अलीकडच्या टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षं उलटलेला टायर, नक्षी कितीही शाबूत असो, काढून टाकावा.

इथे एक गोष्ट गॅरेजवाल्यांसाठीही सांगायला हवी. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती धूळ फुप्फुसात जाते, आणि तिच्यामुळे होणारे आजार काही दशकांनी डोकं वर काढतात. ड्रम ओल्या फडक्यानं पुसावा, धूळ उडवूच नये.

स्टॉर्म किंवा रोडस्टरचा मालक गंजाचा विषय निघाला की निश्चिंत असतो, कारण फायबर गंजत नाही. खरंच गंजत नाही. पण त्या फायबरखाली जी पोलादी चौकट असते ती गंजते, आणि बाहेरून एकही फोड न दाखवता गंजते. पत्र्याची गाडी निदान इशारा देते. फायबरची गाडी विकत घेताना म्हणूनच ती वर उचलून, सस्पेन्शन जिथे चौकटीला जोडलेलं आहे तिथे हातोडीनं हलकं ठोकून पाहणं भाग आहे. दुसरी भानगड विजेची. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला वेगळी अर्थची तार लागते. इंडिकेटर दिला की हेडलाइट मंदावतो, वायपर मध्येच थांबतो, अशा तक्रारी आल्या की वायरमन स्विच बदलत सुटतात. आधी अर्थच्या जोडांवरचा हिरवा थर खरवडून पाहावा. खाऱ्या हवेत तांब्यावर तो थर लवकर चढतो.

नूतनीकरण म्हणजे नवा रंग, ही समजूत आपल्या डेंटिंग-पेंटिंगच्या परंपरेनं रुजवली आहे. चकचकीत लाल रंग, क्रोमचे बंपर, नवी सीट, आणि रंगाखाली बोटभर पुट्टी. पत्र्याच्या गाडीवर छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवलं तर पुट्टी कुठे भरली आहे ते लगेच कळतं. पण खरा धोका पुट्टीहून मोठा आहे. इंग्लंडच्या अ‍ॅबिंग्डन इथे १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटीच सगळा भार घेते. छतच नसल्यामुळे उघड्या एमजीबीचा कणा म्हणजे दाराखालच्या पोकळ सिल. त्या गंजल्या म्हणून दारांच्या चौकटीला आडवा पोलादी आधार न लावता कापल्या, तर गाडी मधोमध वाकते. मग वरचा रंग कितीही सुंदर असो, दार पुन्हा नीट लागत नाही. असं काम झालेली गाडी ओळखायची खूण सोपी आहे: दार आणि मागच्या पत्र्यातली फट वर किती, खाली किती, ते बघावं.

जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांची शिखर संस्था, १९६६ साली स्थापन झालेली फिवा, आपल्या ट्यूरिन जाहीरनाम्यात जतन आणि पुनर्बांधणी यांत फरक करते. जे मूळ शिल्लक आहे ते आधी वाचवा, जे वाचतच नाही तेवढंच बदला, असा त्याचा रोख आहे. पन्नास वर्षांपूर्वीचं थोडं विटलेलं, पण कारखान्यातून आलेलं आसन हे नव्या रेक्झिनपेक्षा मोलाचं आहे, हे आपल्याकडे अजून पुरेसं मानलं जात नाही. एकदा फेकलेलं मूळ आसन परत येत नाही.

पेट्रोलबद्दलचा जुना धसका शिशाचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीट झिजणार अशी ओरड झाली. झीज होते, पण ती सतत मोठ्या वेगानं पळवलेल्या इंजिनात. हौसेनं महिन्याला थोडे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तातडीनं काही करावं लागत नाही. हेड उघडलंच, तर कडक पोलादाच्या सीट बसवून घ्याव्यात, विषय संपला.

आजचा खरा प्रश्न इथेनॉलचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा ठिसूळ करतं, हवेतलं पाणी शोषतं, आणि कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी बुरशीसारखी भुकटी चढवतं. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साधारण १३.५. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जुन्या जेटवर इंजिन त्यामुळे ‘लीन’, म्हणजे हवेच्या मानानं कमी इंधनावर, चालतं आणि जास्त तापतं. म्हणून गाडी विकून टाकावी असं मुळीच नाही. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुरो-रबरचे घ्यावेत, कार्बोरेटरच्या जाणकाराकडून जेट एक माप वाढवून घ्यावा आणि पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नये. यांतल्या नळ्यांचं काम पहिलं. गरम मॅनिफोल्डवर ठिबकणाऱ्या नळीनं आख्खी गाडी जळते.

‘पार्ट मिळत नाहीत’ हे वाक्य बहुतेक वेळा आळसाचं असतं. एमजीबीची तर आख्खी बॉडी, मूळ साच्यांवर दाबलेली, ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून पुरवते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सनं १९६१ पासून दहाएक वर्षं जी हेरल्ड बनवली, तिच्याच घराण्यातली, आखूड केलेल्या चासीवरची गाडी म्हणजे स्पिटफायर. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे काही भाग आपल्याकडच्या जुन्या साठ्यातही सापडू शकतात. चिंकाराचं इसुझू इंजिन अँबॅसॅडरमुळे मिस्त्रींच्या ओळखीचं आहे. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, आणि घराजवळ ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथली लेथची दुकानं आहेत. बुश, पिन, स्पेसर असल्या वस्तू नमुना दिला की तिथले टर्नर हुबेहूब काढतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र अंदाजानं घडवून घेऊ नयेत. खरी अडचण काचांची, रबरी बीडिंगची आणि स्टॉर्मसारख्या थोड्याच बनलेल्या गाडीच्या बॉडीच्या तुकड्यांची असते. ते हाती लागले की गरज नसतानाही घेऊन ठेवावेत.

आता कागद. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा समज दिल्लीच्या बातम्यांमधून आला. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी राजधानी परिसरासाठी होती. महाराष्ट्रात वाशी किंवा पनवेलच्या आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून, दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. त्याचं शुल्क मात्र वाढलं आहे: केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० रुपये, आयात केलेली असेल तर ८०,०००.

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. ‘व्हीए’ची पाटी म्हणजे मोकाट फिरायचा परवाना अशी काहींची समजूत आहे; नियम उलटं सांगतो. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई आहे. रविवारी सकाळी हौसेनं चालवायची असेल, तर साधी नोंदणी चालू ठेवणंच शहाणपणाचं.

यातली ‘मूळ रूप’ ही अट मालकांनी नीट वाचायला हवी. जुनं इंजिन काढून नव्या गाडीचं टाकलं की त्रास संपतो, असं गॅरेजात सांगतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्यावर बोट ठेवलं आहे. शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी व्हिंटेज नोंदणीला मुकते. १९९८ सालची स्टॉर्म त्या नोंदणीला पात्र होईल २०४८ मध्ये. तोवर तिचं रेनो इंजिन, त्यावरचा क्रमांक, पहिलं नोंदणीपत्र आणि दुरुस्तीची प्रत्येक पावती एकत्र राहायला हवी, आणि हे सगळं सांभाळण्याचं काम आजच्या मालकाच्या अंगावर आहे.