आईच्या आगबोटीच्या वाटेने

आमच्या नागपूरला समुद्र कुठूनच जवळ नाही. तरी दिवाळीची सुट्टी लागली की घरात बोटीची गोष्ट निघायची, कारण आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्न होऊन ती नागपूरच्या महाल भागातल्या घरात आली. माहेरी जायचं तर आधी रेल्वेने मुंबई, मग भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. पावसाळाभर बंद असलेली बोट पावसाळा सरला की सुरू होई, त्यामुळे दिवाळी ऐन बोटीच्या हंगामात येई. डेकवर वळकटी पसरायची, बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगायचं. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर उभी राही आणि माणसं पडावात उतरत. पोरं हातोहात खाली दिली जात. त्यातली एक मी होते.

ती सेवा बंद पडून तीस वर्षांहून अधिक काळ झाला. निवृत्त झाल्यापासून मी आणि माझी मुलगी दिवाळीत तोच किनारा फेरीबोटींनी पार करतो, पण दक्षिणेकडून उत्तरेकडे.

नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरून वेंगुर्ल्याला मामाकडे जायचं. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि मग पोहे. या दिवसाला तिथे चावदिवस म्हणतात. आम्ही नागपूरकर पोह्यांवर तर्री ओतणारी माणसं. तिथे गुळाचे गोड पोहे, तिखट पोहे, दहीपोहे आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. शेजारच्या घरांतूनही बोलावणं येतं आणि प्रत्येक घरी चव वेगळी. त्या एका सकाळीसाठी हजार किलोमीटर जाणं मला कधीच जास्त वाटलं नाही.

मग एसटीने रत्नागिरी, तिथून जयगड. इथून खाड्या सुरू होतात. शास्त्री नदीच्या मुखावर जयगड ते तवसाळ, वाशिष्ठीवर धोपावे ते दाभोळ, सावित्रीवर वेसवी ते बागमांडला, पुढे दिघी ते आगरदांडा. मोटारी, दुचाक्या, माशांच्या टोपल्या, माहेरवाशिणी, सगळे एकाच बोटीत. धोपाव्याहून दाभोळ समोर दिसतं, पण रस्त्याने जायचं तर चिपळूणचा वळसा. बोट काही मिनिटांत पलीकडे नेते. दाभोळ बहमनी काळातलं गजबजलेलं बंदर. आज गाव शांत आहे. पर्यटक उतरतात आणि थेट दापोलीकडे निघून जातात. मला ते खटकतं. धक्क्याजवळची जुनी मशीद आणि संध्याकाळची खाडी पाहायला एक रात्र तरी द्यायला हवी.

भरती-ओहोटीचं गणित मामाने शिकवलं: तिथीला पाऊणने गुणायचं. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोन गुणिले पाऊण, म्हणजे दीडच्या सुमारास भरती. ढोबळ हिशोब आहे, पण मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला उपयोगी पडतो. पुढे मुंबईला पोचायचं तर रेवसच्या धक्क्यापाशी गाळ साचला आहे, तिथे ओहोटीला लाँच अडते. म्हणून आम्ही शेवटचा टप्पा मांडव्याहून घेतो. २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट तासाभरात भाऊच्या धक्क्याला पोचवते.

त्याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, ‘रामदास’ बोट रेवसला निघाली आणि वादळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आई तिथे उतरली की समुद्राला हात जोडायची. मीही जोडते, आणि लहान लाँचमध्ये बसताना जीवरक्षक जाकीट मागून घेते. मागायला संकोच करू नका.

रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल होणार आहेत. ते हवेतच, रात्री फेरीबोट थांबल्यावर पलीकडच्या दवाखान्यात कसं जायचं, हे काठावरच्या माणसाला विचारा. पण पूल होईपर्यंत तरी, विदर्भातल्या माझ्या वाचकांनो, एक दिवाळी या खाड्यांवर काढा. लेकरांना सोबत न्या. शेवटची बोट किती वाजता सुटते ते आधी विचारून घ्या, आणि दाभोळला मुक्काम करा.