सही सरांची, मजकूर तुमचा

‘तूच लिहून आन, मी सही करून देतो.’ अमरावती-अकोल्याकडच्या कॉलेजांत किंवा कारखान्यांत शिफारसपत्र मागायला गेलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते ऐकून काही मुलं घाबरतात, त्यांना ही लबाडी वाटते. काहींना वाटतं, आता काय वाट्टेल ते लिहायला मोकळीक मिळाली. दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यांचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या, घराण्यातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलामुलींना, कारण असं पत्र कसं असतं हे त्यांना घरी सांगणारं कोणी नसतं.

गैरसमज : स्वतःचं पत्र स्वतः लिहिणं म्हणजे फसवणूक.

ज्याची सही, त्याचं पत्र. कार्यालयातली किती तरी पत्रं लिपिक तयार करतो, साहेब वाचतात, दुरुस्ती करतात, सही करतात. पत्र साहेबांचंच ठरतं. शिफारसपत्राचा मसुदा करून देण्यात यापेक्षा वेगळं काही नाही, मात्र सही करणाऱ्याने तो खरोखर वाचलेला असावा आणि त्याला तो पटलेला असावा. ही पद्धत फक्त आपल्याकडची, असंही नाही. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रमाणपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि तिथेही त्याचा मसुदा अनेकदा कर्मचारीच करून देतो.

फसवणूक सुरू होते ती पुढे. सरांना न विचारता त्यांची सही करणं, सही झाल्यावर एखादी ओळ वाढवणं किंवा तारीख बदलणं, हे बनावट दस्तऐवजात मोडतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 नुसार त्याला दोन वर्षांपर्यंत, आणि ठकवण्याच्या हेतूने केलं असेल तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कोणी प्रेमाने सही केलेलं कोरं लेटरहेड हातात ठेवलं, तर ते घेऊ नका. ‘सर, मजकूर लिहून आणतो, वाचून मग सही करा,’ एवढंच म्हणा.

गैरसमज : सगळी पत्रं सारखीच.

अनुभव प्रमाणपत्र कार्यालयाच्या नोंदीवरून निघतं. पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, जावक क्रमांक, शिक्का असं त्याचं रूप ठरलेलं असतं. कार्यमुक्तीचं पत्र वेगळं, चारित्र्याचा दाखला वेगळा. शिफारसपत्र हे एका माणसाचं दुसऱ्याविषयीचं मत असतं, आणि ते सगळीकडे चालतही नाही. पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षकभरतीत अभियोग्यता चाचणीचे गुण मोजले जातात. तिथे शिफारसपत्राची फाइल जाडजूड करण्यात काही अर्थ नाही. खासगी कंपनी, संशोधन प्रकल्प, परदेशी प्रवेश, स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी मात्र ते फार मोलाचं ठरतं.

गैरसमज : पत्रात भरपूर विशेषणं हवीत.

सगळ्यात जास्त पत्रं इथेच वाया जातात. ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू, सर्वगुणसंपन्न’ असं प्रत्येक पत्रात असतं, त्यामुळे ते वाचणाऱ्याच्या डोक्यात शिरतच नाही. लिहावं ते फक्त सही करणाऱ्याने स्वतः पाहिलेलं.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा त्याच्याशी संलग्न कॉलेजात शिकणारी मुलं शेवटच्या वर्षी कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहतात. ‘विद्यार्थिनीने कार्यानुभव उत्तम केला’ या वाक्यातून काही कळत नाही. त्याऐवजी तिने कोणत्या गावात किती शेतकऱ्यांना बीजप्रक्रिया दाखवली, बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावून त्यांच्या नोंदी कशा ठेवल्या आणि मार्गदर्शकांनी प्रत्यक्ष भेटीत काय पाहिलं, हे लिहिलं की माणूस समोर उभा राहतो. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ गिरणीत काम केलेल्याने तुरीची आवक वाढली तेव्हा वजनाच्या पावत्यांचा हिशेब कसा जुळवला, ते लिहावं. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातल्या मुलाने कोणत्या विभागात कोणतं यंत्र स्वतः हाताळलं, ते लिहावं.

आपल्याकडच्या मुलांची खरी अडचण फुशारकीची नसते. ती स्वतःला फार लहान करून लिहितात. ‘मी मी कसं म्हणू?’ हा संकोच मला दरवेळी दिसतो आणि दरवेळी वाईट वाटतं. यावर एक सोपा उपाय आहे. घडलेल्या गोष्टी तुम्ही लिहा, ‘किती चांगला’ हे ठरवणारं वाक्य सरांसाठी मोकळं सोडा. फाइल बदल करता येईल अशी द्या, पीडीएफ नको. सोबत वर्ष, विषय, प्रकल्प, गुण असं एक पानभर टिपण जोडा. भाषा सरांना शोभेल अशी असू द्या. जे इंग्रजी शब्द सर कधीच वापरत नाहीत, ते त्यांच्या तोंडी घालू नका. एआयकडून लिहून घेतलेली तीन पत्रं एकाच साच्यातली निघतात, आणि निवड करणाऱ्याला ती एका हातची आहेत हे लगेच कळतं.

गैरसमज : सही मोठ्या माणसाची हवी.

आमदारांच्या लेटरहेडवरचं पत्र आपल्याकडे अजून मागितलं जातं. ज्याने तुमचं काम पाहिलेलं नाही, त्याला तुमच्याविषयी सांगण्यासारखं काय असणार? ज्या मॅडमनी दोन वर्षं प्रयोगशाळेत तुम्हाला पाहिलं, त्यांचं अर्धं पान अधिक वजनदार. फोन आला तर त्या तुमच्याविषयी बोलूही शकतील, आणि वऱ्हाडात असे फोन येतात.

परदेशी विद्यापीठांची गोष्ट वेगळी आहे. तिथे शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर थेट दुवा जातो. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे, पण अर्ज करताना शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असं विचारलं जातं. तो सोडल्यावर मसुदा स्वतः करणं योग्य नाही. सरांना टिपण द्या, पत्र त्यांनाच लिहू द्या. सरांच्या नावाने नवा ईमेल उघडून पत्र स्वतःच चढवण्याचा ‘उपाय’ काही एजंट सुचवतात. तो सरळसरळ तोतयेपणा आहे आणि उघड झाला तर प्रवेशही जाऊ शकतो.

सरांना निदान पंधरा दिवस आधी सांगावं, परीक्षेच्या गर्दीत गाठू नये. ते कचरले, तर आग्रह न करता दुसऱ्या कोणाकडे जावं, कारण ओढूनताणून घेतलेली सही फोनवर उघडी पडते. मसुद्यातलं एखादं वाक्य त्यांनी खोडलं, तर का ते विचारावं, पण परत घालू नये. सही झालेल्या पत्राची एक प्रत त्यांच्याकडे राहू द्यावी. आणि निकाल लागला की, नोकरी मिळो न मिळो, त्यांना फोन करून सांगावं.