आजोबांची विडी आणि पंधरावं गुणसूत्र

तंबाखूच्या दुष्परिणामांवर कुठेही व्याख्यान असो, श्रोत्यांतून एक आजोबा हमखास पुढे केले जातात. "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते, त्यांना काही झालं नाही!" वक्ते बहुधा हा मुद्दा झटकून टाकतात. पण तो झटकण्यासारखा नाही. जन्मभर धूम्रपान करणाऱ्या बहुतेकांना फुप्फुसाचा कर्करोग होत नाही, हे खरंच आहे. आणि विडी-सिगारेटला कधी हातही न लावलेल्यांना तो होतो, हेही तितकंच खरं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ४८९ रुग्णांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध केली, त्यात निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. माणसामाणसांत हा फरक कुठून येतो, आणि आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा त्यात वाटा किती, हा प्रश्न सत्तर वर्षं शास्त्रज्ञांना छळतो आहे. त्याचं सगळ्यांत विलक्षण उत्तर मिळालं ते पंधराव्या गुणसूत्रावर.

आधी थोडी पूर्वपीठिका. प्रत्येक कर्करोग पेशींच्या जनुकांतल्या बिघाडातूनच होतो. पण त्यातले बहुतेक बिघाड आयुष्यात नंतर, धुरामुळे, प्रदूषणामुळे किंवा वयोमानाने, फुप्फुसातल्याच पेशींत घडतात. ते मुलांकडे जात नाहीत. जन्मतः शरीराच्या प्रत्येक पेशीत असलेले, आईकडून किंवा वडिलांकडून आलेले फरक ही वेगळी गोष्ट. इथे विषय आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा.

१९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर आणि एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला. यातले ग्रॅहॅम हे नामांकित शल्यविशारद. १९३३ मध्ये त्यांनी जेम्स गिल्मोर नावाच्या डॉक्टरांचं कर्करोगग्रस्त फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत संपूर्ण काढलं आणि रुग्ण वाचला. वैद्यकाच्या इतिहासातला हा मोठा टप्पा. ग्रॅहॅम स्वतः सिगारेट ओढत. पुरावा पटल्यावर त्यांनी ती सोडली, पण तोवर उशीर झाला होता. १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच ते गेले. एका फुप्फुसावर जगणारे गिल्मोर त्यांच्यानंतर आणखी सहा वर्षं हयात होते. दोन आयुष्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, तरी 'त्यालाच का आणि याला का नाही' हे कोडं इतकं बोचरं क्वचितच समोर येतं.

ग्रॅहॅम वारले त्याच वर्षी या वादात सर रोनाल्ड फिशर उतरले. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेशी त्यांचा जवळचा संबंध होता आणि सी. आर. राव यांनी केंब्रिजमध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली. फिशर यांचं म्हणणं साधं होतं. सिगारेट आणि कर्करोग बरोबर आढळतात म्हणून एकामुळे दुसरा होतो असं ठरत नाही. एखादा आनुवंशिक गुणच माणसाला सिगारेटकडे ओढत असेल आणि तोच त्याला कर्करोगाकडेही नेत असेल तर? पुरावा म्हणून त्यांनी जर्मनीतल्या जुळ्यांची माहिती पुढे केली. एकाच बीजापासून झालेल्या ५१ जोड्यांपैकी एक चतुर्थांशाहून कमी जोड्यांत धूम्रपानाच्या सवयीत ठळक फरक होता. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या ३१ जोड्यांत तो निम्म्याहून अधिक जोड्यांत होता. म्हणजे सिगारेटच्या ओढीत आनुवंशिकता आहे.

फिशर स्वतः पाइप ओढत आणि ब्रिटनमधल्या तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. त्यामुळे त्यांच्या हेतूवर पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्यांचा तर्क हेतूवरून निकालात काढणं अन्यायाचं आहे. तो तपासण्याजोगा होता आणि १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड व सहकाऱ्यांनी तो गणितानेच तपासला. धूम्रपान करणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि सिगारेट निर्दोष असेल, तर तो छुपा गुण धूम्रपान करणाऱ्यांत इतरांपेक्षा निदान नऊपट अधिक प्रमाणात आढळायला हवा. इतका जबरदस्त गुण आजवर कुणाच्या नजरेला कसा पडला नाही? आरोग्यशास्त्रातल्या युक्तिवादांत याच्या तोडीचे फार थोडे.

त्याच काळात परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात एल. डी. संघवी काम करत होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासोबत त्यांनी १९४९ मध्ये मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांची नोंद प्रसिद्ध केली. आणि १९५५ मध्ये याच दोघांनी के. सी. एम. राव यांच्यासह विडी व तंबाखू चघळण्याचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला. लंडनमध्ये ज्या दोन बाजू एकमेकींशी भांडत होत्या, त्या मुंबईत एकाच माणसाच्या कामात एकत्र नांदत होत्या. मराठीत याची आठवण फारशी काढली जात नाही, हे खेदाचं आहे.

फिशर १९६२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी टोकुहाटा आणि लिलिनफेल्ड यांनी दाखवलं, की फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांत या आजाराचे मृत्यू अधिक आहेत, आणि धूम्रपानाचा हिशेब वजा केला तरी काही फरक उरतोच. मग कितीतरी वर्षं एकेका संशयित जनुकामागे धावण्यात गेली. हाती फारसं लागलं नाही.

एप्रिल २००८ मध्ये मात्र एकाच वेळी तीन शोधनिबंध आले: फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा, अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन केंद्राचा आणि आइसलँडच्या डीकोड कंपनीचा. हजारो माणसांच्या संपूर्ण जनुकसंचाची चाळणी करून तिघेही एकाच ठिकाणी पोचले होते, पंधराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर. आणि तिथली जनुकं कोणती? पेशींची दुरुस्ती करणारी नाहीत, कर्करोगाशी नाव जोडलेली नाहीत. ती निघाली मज्जापेशींवरच्या, निकोटीन ज्यांना चिकटतं त्या ग्राहकांचे भाग घडवणारी!

या जनुकांतला एक विशिष्ट फरक आईकडून किंवा वडिलांकडून एकदा आला तर कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. दोघांकडून आला तर दीडपटीच्याही पुढे जातो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो अगदी सर्रास आढळतो, पूर्व आशियात फारच विरळा. पण तो काम कसा करतो, यावर तिन्ही गटांत मतभेद झाले. डीकोडचं म्हणणं, की हा फरक माणसाला अधिक सिगारेटी ओढायला लावतो आणि कर्करोग त्यातून येतो. फ्रान्सच्या गटाला वाटत होतं, की त्याचा फुप्फुसावर थेट परिणाम असावा. कारण हिशेब जुळत नव्हता. या फरकाच्या प्रत्येक प्रतीमागे माणूस दिवसाला जेमतेम एक सिगारेट जास्त ओढतो. एका सिगारेटीने धोका इतका वाढेल?

उत्तराचा एक भाग उंदरांनी दिला. मेंदूच्या मध्यभागी हॅबेन्युला नावाचा इवलासा भाग आहे. २०११ मध्ये फ्लोरिडातल्या स्क्रिप्स संस्थेत क्रिस्टी फाउलर आणि पॉल केनी यांनी दाखवलं, की निकोटीनचं प्रमाण फार झालं की तिथूनच 'आता पुरे' असा संदेश निघतो; गाडीचा ब्रेकच म्हणा. पंधराव्या गुणसूत्रावरच्या त्या जनुकांपैकी एक काढून घेतलेले उंदीर, इतर उंदीर तोंड फिरवतील इतकं निकोटीन घेत राहिले. हॅबेन्युलात ते जनुक पुन्हा बसवल्यावर त्यांचं सेवन आवरलं. माणसातला फरक या जनुकाच्या प्रथिनातला अवघा एक दुवा बदलतो, आणि त्यामुळे ग्राहकाचा प्रतिसाद मंदावतो.

दुसरा भाग २०१२ मध्ये उलगडला. सिगारेटींची संख्या मोजणं हेच माप अपुरं होतं. तीच सिगारेट कुणी वरवर ओढतो, कुणी धूर खोल नेऊन कोंडून ठेवतो. शरीरात निकोटीनपासून तयार होणारं कोटिनीन मोजलं, तेव्हा या फरकाचा परिणाम कितीतरी ठळक दिसला आणि कर्करोगाचा वाढलेला धोका जवळजवळ पूर्णपणे त्यातून समजावता आला. म्हणजे फिशर यांचा निम्मा तर्क खरा ठरला: सिगारेटची ओढ आणि कर्करोग यांना जोडणारा आनुवंशिक धागा खरोखरच आहे. पण तो धागा धुरातूनच जातो. सिगारेटची सुटका त्याने होत नाही. नॉर्डिक देशांतल्या १ लाख १५ हजारांवर जुळ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासाने तर फिशर यांच्याच हत्याराने निकाल दिला. जनुकं तीच, पण एक धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा अशा जोड्यांत, ओढणाऱ्याचा धोका सुमारे पाचपट निघाला.

याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं, की दोन्हीकडून हा फरक आलेल्यांचं धूम्रपान सुमारे चार वर्षं उशिरा सुटतं आणि कर्करोगाचं निदान सुमारे चार वर्षं आधी होतं. पण सिगारेट सोडणाऱ्यांना मिळालेला लाभ, म्हणजे निदान सुमारे सात वर्षं पुढे जाणं, जनुक कोणतंही असलं तरी सारखाच होता. व्यसन न सुटणाऱ्या माणसाला 'इच्छाशक्ती नाही' म्हणून हिणवण्याची आपल्याकडची रीत या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याला औषधांची आणि समुपदेशनाची मदत अधिक लागते, एवढाच त्याचा अर्थ.

जनुकसंचातले बाकीचे प्रदेश धावत पाहू. पाचव्या गुणसूत्रावरचं, गुणसूत्रांची टोकं जपणारं टर्ट हे जनुक धूम्रपान न करणाऱ्या आशियाई स्त्रियांतही धोक्याशी जोडलेलं आढळलं. स्तनाच्या कर्करोगामुळे प्रसिद्ध झालेल्या बीआरसीए२ मधला एक विरळा फरक फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट करतो. २०१७ मधल्या एका मोठ्या अभ्यासात अशा १८ जागा दिसल्या. पण त्या अभ्यासातली माणसं युरोपीय वंशाची होती, आणि भारतीयांसाठी ते आकडे जसेच्या तसे वापरता येणार नाहीत.

हे सगळे लहान धक्के. मोठा धक्का देणारा वारसा दुर्मिळ आहे. २००५ मध्ये एका युरोपीय वंशाच्या कुटुंबात ईजीएफआर जनुकातला टी७९०एम हा बदल जन्मजात आढळला. घरातल्या अनेकांना फुप्फुसाचा कर्करोग झालेला. एरवी हा बदल गेफिटिनिबसारखं कर्करोगावरचं औषध निष्प्रभ करण्यासाठी गाठीत नंतर उगवतो. आदी गझदर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की हा वारसा विशेषतः धूम्रपान न करणाऱ्यांना गाठतो. अमेरिकेतल्या अशा बहुतेक कुटुंबांचा धागा सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजापर्यंत मागे जातो.

कौटुंबिक वारशाला तैवानने धोरणातही जागा दिली. तिथे १२ हजारांवर धूम्रपान न करणाऱ्यांची कमी किरणोत्सर्गाच्या सीटी स्कॅनने तपासणी झाली; २.६ टक्क्यांत कर्करोग सापडला, आणि जवळच्या नात्यात हा आजार असणाऱ्यांत तो अधिक होता. २०२२ पासून तिथल्या सरकारी तपासणीत धूम्रपानाबरोबर कौटुंबिक इतिहासही निकष आहे.

भारतात अशी देशव्यापी तपासणी नाही, आणि क्षयाच्या जुन्या खुणा असलेल्या छातींमुळे तिचा अर्थ लावणंही इथे अवघड. पण बाह्यरुग्ण विभागात विडी, मिश्री, चुलीचा धूर विचारताना आणखी दोन प्रश्नांना खर्च येत नाही: रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार झाला का, आणि कोणत्या वयात? गाठीच्या तुकड्यात कोणतंही औषध सुरू होण्याआधीच टी७९०एम दिसला, तर तो वारशाने आलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी रुग्णाच्या रक्ताची जनुकीय तपासणी करायची असते, आणि बदल तिथेही सापडला तर भावंडांना आणि सज्ञान मुलांना बोलावून समुपदेशकासमोर बसवायचं असतं. तो त्यांच्यापैकी प्रत्येकात असण्याची शक्यता निम्मी असते.