घराभोवतीचे लाकडी कुंपण : निवड, उभारणी आणि निगा

घर, परसबाग आणि कोंबड्या-शेळ्या यांच्या रक्षणासाठी कुंपण आवश्यक असते. सिमेंटच्या भिंतीपेक्षा लाकडी कुंपणाला खर्च कमी येतो, वारा अडत नाही आणि मोडलेला भाग तेवढाच बदलता येतो. मात्र कोकणपट्टीत बरीचशी लाकडी कुंपणे दोन-तीन पावसाळ्यांतच आडवी होतात. मुंबईच्या उत्तर टोकाला असलेल्या दहिसरचे उदाहरण घ्या. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, पश्चिमेला मनोरी खाडीची खारी हवा, मधून वाहणारी दहिसर नदी आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. अशा ठिकाणी टिकणारे कुंपण कोकणात कोठेही टिकेल.

कुंपण कोठे कुजते?

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा ही दोन्ही लागतात. खांबाचा वरचा भाग पावसानंतर वाळतो. खोल जमिनीत हवा कमी असते. जमिनीलगतच्या वीतभर भागात मात्र दोन्ही गोष्टी मिळतात आणि वाळवीही तेथूनच चढते. म्हणून कुंपणाचे आयुष्य फळ्यांवर नव्हे, तर खांबाच्या या वीतभर भागावर ठरते. पैसे मोजके असतील तर चांगले लाकूड खांबांना वापरावे आणि फळ्या हलक्या लाकडाच्या घ्याव्यात.

लाकडाची निवड

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे जमिनीत अर्धे पुरून त्यांचा टिकाऊपणा तपासला जातो. त्यावरून लाकडाचे तीन वर्ग पडतात : १२० महिने किंवा अधिक टिकणारे, ६० ते १२० महिने टिकणारे आणि ६० महिन्यांपेक्षा कमी टिकणारे. साग व खैर पहिल्या वर्गात येतात, तर आंबा आणि सावर शेवटच्या वर्गात. मात्र हे वर्ग गाभ्याच्या लाकडासाठी आहेत. झाडाच्या बाहेरचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी लवकर कुजते. तेव्हा ‘सागवान’ एवढे ऐकून खांब घेऊ नये. त्याचे टोक पाहावे व गडद गाभा जास्त असलेला खांब निवडावा. कोवळ्या निलगिरी किंवा सुरूच्या वाशात गाभा थोडाच असतो, म्हणून ते प्रक्रियेशिवाय जमिनीत रोवू नयेत.

मुंबई परिसरात जुनी घरे पाडताना निघालेले सागवान विकत मिळते. त्यात गाभ्याचे प्रमाण चांगले असेल तर खांबांसाठी ते उत्तम. खोक्यांचे पाइन लाकूड स्वस्त असते. त्यावरील ‘एचटी’ शिक्क्याचा अर्थ लाकूड तापवून त्यातील कीड मारलेली आहे, एवढाच होतो. पुढे वाळवी लागणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. हे लाकूड फक्त फळ्यांसाठी वापरावे.

बांबू पक्व, म्हणजे तीन वर्षांपुढील घ्यावा. काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्ट कमी होते व घुणा कमी लागतो. तरीही प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत फार काळ टिकत नाही, म्हणून तो आडव्या-उभ्या पट्ट्यांसाठीच वापरावा.

लाकूड कोठून आणू नये?

राष्ट्रीय उद्यानातून लाकूड आणणे हा गुन्हा आहे. खाडीकाठची तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने मनाई आहे. शहरी भागात स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. बांबूच्या बाबतीत मात्र २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनेतर जमिनीवरील बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला.

खांब रोवण्याची पद्धत

१. चार फूट उंच कुंपणासाठी सहा फुटी खांब घेऊन दोन फूट जमिनीत पुरावा. दोन खांबांत सहा ते आठ फूट अंतर ठेवावे.
२. खड्ड्याच्या तळाशी चार इंच खडी टाकावी, म्हणजे पाणी निचरेल. काँक्रीट ओतल्यास तळ बंद करू नये आणि वरचा भाग खांबापासून बाहेर उतरता करावा.
३. सर्वांत चांगले म्हणजे जमिनीत सिमेंटचा ठोकळा बसवून त्यातील लोखंडी पट्ट्यांना खांब बोल्टने जोडावा. लाकूड जमिनीपासून तीन इंच वर राहते आणि खांब बदलणेही सोपे जाते.
४. खांबाचा माथा तिरका कापावा. फळ्यांची खालची कड मातीपासून तीन इंच वर ठेवावी. खाऱ्या हवेत साधे खिळे लवकर गंजतात, म्हणून जस्त चढवलेले खिळे वापरावेत.

खांबाचे बूड जाळून काळे करण्याची जुनी पद्धत आहे. त्याने फक्त पृष्ठभाग कोळसा होतो. चीर पडली की पाणी आत शिरते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

नदी-ओढ्याच्या काठी प्रवाहाला आडवे व फळ्या भिडवलेले कुंपण घालू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दहिसर नदीलाही त्या वेळी पूर आला होता. अशा पुरात कचरा अडकून कुंपण बांधासारखे पाणी अडवते आणि शेवटी मोडते. तेथे पट्ट्यांत चार बोटे अंतर ठेवावे.

जंगलालगत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की चार-पाच फुटी कुंपणाने बिबट्या अडत नाही. शेळ्या-कोंबड्या रात्री छप्पर असलेल्या बंद खुराड्यातच ठेवाव्यात.

औषधप्रक्रियेतील सावधानता

तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची लाकूडरक्षक प्रक्रिया डेहराडूनलाच सोंती कामेशन यांनी १९३३ मध्ये शोधली व ती जगभर वापरली गेली. आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस तिचा घरगुती वापर थांबवण्यात आला. असे हिरवट जुने लाकूड मिळाल्यास परसबागेत वापरू नये व चुलीत कधीही जाळू नये, कारण विष धुरात आणि राखेत उतरते. बोरॅक्स-बोरिक ॲसिड पावसात धुपून जाते, म्हणून ते जमिनीवरच्या रंगवलेल्या भागापुरतेच उपयोगी आहे. इंजिनाचे जळके तेल भाजीच्या वाफ्याजवळ लावू नये. कोकणात होड्यांना लावले जाणारे काजूच्या टरफलाचे तेल उपयुक्त आहे. परंतु ते कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावे.

वर्षभराची निगा

मे : प्रत्येक खांबाजवळची चार बोटे माती उकरून पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर खांब पावसापूर्वी बदलावा किंवा शेजारी आधाराचा खुंट रोवून बोल्टने बांधावा.

जून ते सप्टेंबर : वेली, पालापाचोळा आणि मातीचे ढीग कुंपणापासून दूर ठेवावेत. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसताच खरवडून काढाव्यात.

नोव्हेंबर : लाकूड पूर्ण वाळल्यावर तेल किंवा रंग द्यावा. ओल्या लाकडावर रंग दिल्यास ओलावा आत कोंडतो. कापलेल्या टोकांना दोन हात द्यावेत.

खांबांचा खर्च परवडत नसेल तर पहिल्या पावसाबरोबर गिरिपुष्पाचे मनगटाएवढे जाड खुंट लावावेत. ते मूळ धरतात, कुजत नाहीत आणि छाटणीतून हिरवळीचे खत देतात. बांबूच्या पट्ट्या त्यांना खिळ्यांऐवजी काथ्याने बांधाव्यात. कोणताही प्रकार निवडा, पण मे महिन्यातील खांबांची तपासणी चुकवू नका. त्या एका सकाळीच कुंपण पुढचा पावसाळा काढील की नाही, हे कळते.